कॅम-रॉकर पुन्हा गेले? मोटारसायकलचा ऑईल पंप तपासायचा क्रम

इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) खोललं, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर नवे टाकले, टॅपेट लावले (व्हॉल्व्हची फट जुळवली), गाडी चार-सहा महिने शांत चालली आणि मग पुन्हा तीच टकटक. असं दुसऱ्यांदा झालं की हेडच्या कामावर आणखी पैसे घालू नका. हेड बिघडत नाहीये, हेडपर्यंत तेल पोहोचत नाहीये. मात्र तेल पोहोचत नाही म्हणजे ऑईल पंप गेलाच, असंही धरून चालू नका. पंप तसा दणकट असतो. त्याच्याआधी जाळी असते, त्याच्यापुढे फिल्टर, सील, ओ रिंगा (रबरी कडी), पॅकिंगमधली भोकं आणि सिलिंडरमधून वर जाणारी बारीक वाट असते. यांतलं काहीही तुंबलं किंवा गळलं तरी वर ऐकू येणारी टकटक सारखीच. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या, मग एका पॅकिंगच्या खर्चात होणाऱ्या, आणि पंप सगळ्यात शेवटी.

खाली लिहिलेलं १०० ते ३५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोक गाड्यांना लागू आहे: स्प्लेंडर, शाइन, पल्सर, एफझेड, हेडमध्ये कॅम असलेली नवी बुलेट. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा हिशेब वेगळा. तिच्यात तेल देणारा एक आणि परत ओढणारा एक असे दोन पंप असतात, त्यात इथे शिरत नाही. आरएक्स १०० वाल्यांचा पंप तर टू स्ट्रोकचं तेल पेट्रोलच्या वाटेत सोडणारा. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

लक्षणं

पहिलं लक्षण आवाज. थंडीत सकाळी पहिल्या किकनंतर दोन-तीन सेकंद हेडमधून टकटक आली आणि थांबली तर घाबरायचं कारण नाही. निफाडला पारा पाचच्या खाली गेला की तेल मधासारखं होतं, वर चढायला वेळ घेतं. काळजीचा आवाज याच्या उलट वागतो: गाडी थंड असताना कमी, तापली की जास्त. तेल तापून पातळ झालं की जिथे आधीच दाब अपुरा आहे तिथे थर टिकत नाही.

दुसरं लक्षण चढावर कळतं. नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे चढताना किंवा मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी अर्ध्यावर बांधल्यासारखी ओढते, पिकअप जातो आणि बंद पडते. किक जड लागते. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सुरू होते. पेट्रोलमध्ये कचरा आला असेल म्हणून बहुतेक जण कार्ब्युरेटर साफ करून घेतात. पण किक जड झाली होती हे आठवत असेल तर कार्ब्युरेटर सोडा. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये पकडायला लागला होता, थंड झाल्यावर सुटला, एवढंच.

तिसरं, क्लच कव्हरच्या बाजूने गाडीच्या स्पीडबरोबर नाही तर रेसबरोबर वाढणारी घरघर. पंपाच्या गिअरचे दात खाल्ले गेले की असा आवाज येतो. चौथं लक्षण तेल बदलताना दिसतं: ट्रेमध्ये चंदेरी वर्खासारखी चमक.

मीटरवर तेलाच्या डब्याचं लाल चिन्ह सगळ्याच गाड्यांना नसतं. रोजच्या वापराच्या बहुतेक कम्यूटर गाड्यांना ते नाहीच, त्यामुळे दिव्याची वाट बघू नका. ज्या गाड्यांना आहे आणि चालताना लागलं, तिथे क्लच दाबून इंजिन लगेच बंद करायचं. पिवळा इंजिनाचा दिवा वेगळा, तो इंधन आणि सेन्सरचा.

ही लक्षणं दिसली की गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही. ढकला, नाही तर टेम्पोत टाका. पंप काही शे रुपयांत येतो. "नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत तर जाऊ" म्हणत चालवलेल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये पिस्टन, सिलिंडर, कॅम आणि नशीब वाईट असेल तर कनेक्टिंग रॉडही जातो.

तेल जातं कसं

हे दोन मिनिटं समजून घेतलं तर पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. इंजिनाच्या तळातलं तेल जाळीतून पंपात येतं. पंपात एकात एक बसलेले दोन रोटर असतात. आतल्याला चार पाकळ्या असल्या तर बाहेरच्याला पाच खाचा. फिरताना एका बाजूची पोकळी मोठी होते, तिथे तेल ओढलं जातं. दुसऱ्या बाजूची लहान होते, तिथून ते ढकललं जातं. काही इंजिनांत हा पंप क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) गिअरवरून फिरतो, तर होंडाच्या जुन्या घडणीच्या आडव्या इंजिनांत टायमिंग चेनच्या खालच्या स्प्रॉकेटच्या दांड्यावरून. पुढे तेलाच्या दोन वाटा: एक क्रँकच्या आतून कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगला, दुसरी सिलिंडरच्या स्टडभोवतीच्या किंवा वेगळ्या भोकातून हेडला. हेड सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब. दाब कमी पडला की उपास पहिल्यांदा त्यालाच घडतो. कॅम-रॉकर आधी जातात ते यामुळे.

तपासणी १: तेलाची पातळी आणि वास (खर्च शून्य)

गाडी सपाट जागी, डबल स्टँडवर. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) पुसून बघा. होंडा-हिरोच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. पूर्ण आवळून बघितलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि कमी तेलावर गाडी चालत राहते. पातळी बघायची काच असलेल्या गाड्यांत गाडी सरळ उभी धरायला दुसरा माणूस हवा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी कामाची नाही.

१०० सीसीच्या गाडीत तेल बदलताना जेमतेम पाऊण ते एक लिटर बसतं. त्यातलं ३०० मिली जळालं किंवा गळालं तर जवळपास तिसरा हिस्सा गेला. सपाट रस्त्यावर जाळी अजून तेलात बुडालेली असते, पण घाटात किंवा द्राक्षबागेतल्या चढउतारावर तेल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजीची क्रेट वाहणाऱ्या गाड्यांचे पंप बिघडतात असं वाटतं, त्यातल्या कित्येकांचा पंप ठणठणीत असतो. तेल दोन महिने कोणी बघितलेलं नसतं.

तेल जास्त असेल तर तेही वाईट. क्रँक त्यात फटके मारतो, फेस होतो आणि पंप फेस ढकलतो.

मग वास घ्या. तेल न घालता पातळी वर गेली असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरची फ्लोट सुई गळतेय. पेट्रोल रात्रभर सिलिंडरमधून खाली उतरतं आणि तेल पातळ करतं. नवा पंप टाकून याला काही फरक पडत नाही. सुई बदला, तेल बदला आणि गाडी उभी करताना कॉक बंद ठेवायची सवय लावा. बीएस ६ च्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत ही भानगड नाही.

रंगही बघा. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात रोज थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस जमतो. तेवढाच असेल तर ती वाफ आहे. डिपस्टिकवरचं सगळं तेल दुधी असेल तर आत पाणी आहे. हवेवर थंड होणाऱ्या गाडीत ते बाहेरून आलं, तेल दोनदा बदलून धुऊन काढा. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत कूलंट आत शिरलंय, तिथेच थांबा आणि गाडी कारागिराकडे द्या.

तपासणी २: तेल कोणतं आहे

हिरो-होंडाच्या कम्यूटर गाड्यांना १० डब्ल्यू ३०, जुन्या पल्सरला २० डब्ल्यू ५०, युनिट इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) बुलेटला १५ डब्ल्यू ५० असं कंपनी सांगते. "गाडी जुनी आहे, जाड तेल टाका, आवाज जाईल" हा सल्ला सर्रास मिळतो. आवाज जातोही, कारण जाड तेल ढिलाई झाकतं. पण १० डब्ल्यू ३० साठी केलेल्या बारीक वाटांमधून ते डिसेंबरच्या सकाळी हळू चढतं, आणि तेवढा वेळ कॅम कोरडा फिरतो. सुटं तेल, फुटलेल्या सीलचा डबा, कारचं उरलेलं तेल, हे तिन्ही नको. कारच्या तेलाने क्लचही घसरू शकतो, कारण मोटारसायकलमध्ये क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए २ लिहिलेलं बघून घ्या.

तपासणी ३: हेडला तेल येतंय का (खर्च शून्य, पण सगळ्यात महत्त्वाची)

ही न करता क्लच कव्हर खोलणारा मेकॅनिक अंदाजाने काम करतोय असं समजा.

इंजिन थंड असताना इनटेकच्या बाजूची टॅपेटची टोपी काढा. आडव्या इंजिनात ती वरच्या अंगाला असते. खालची, सायलेन्सरकडची काढली तर तेल सायलेन्सरवर सांडेल. आधी इंजिन न चालवता बघा: चावी बंद, प्लग काढलेला, पंचवीस-तीस किका मारा. रॉकरच्या टोकाशी ओल वाढताना दिसली तर बरं लक्षण आहे. मग प्लग बसवून भोकाशी जाड फडकं धरून इंजिन सुरू करा, फक्त आयडलवर, रेस न देता. बाह्या आणि ओढणी दूर, तेल उडतं. मिनिटभरात रॉकर आणि कॅम तेलाने चकचकीत झालेले दिसले पाहिजेत, थेंब पडताना किंवा शिंतोडे उडताना दिसले पाहिजेत. कारंज्याची अपेक्षा ठेवू नका, आयडलवर एवढंच येतं. मिनिट झालं आणि रॉकर कोरडाच, तर लगेच बंद करा.

यामाहाच्या बऱ्याच इंजिनांत हेडवर यासाठीच एक छोटा बोल्ट असतो. तो थोडा ढिला करून इंजिन आयडलवर ठेवायचं. तेल पाझरलं की आवळायचं. मिनिटभरात पाझरलं नाही तर इंजिन बंद, ही सूचना कंपनीच्याच पुस्तिकेत आहे. बोल्ट पूर्ण काढू नका.

आता रस्ता दोन दिशांनी फुटतो. तेल भरपूर येतंय आणि तरी कॅम-रॉकर खाल्ले जातायत, तर पंपाचा विषय संपला. तिथे कारणं दुसरी: हलक्या दर्जाचे रॉकर, फार घट्ट लावलेले टॅपेट, बदलायची वेळ टळून गेलेलं तेल. जुन्या खाल्लेल्या कॅमवर नवे रॉकर बसवले तरी हेच होतं. जोडी बदलायची असते. तेल येत नाही किंवा नुसतं ओलसर होतंय, तर पुढे चला.

तपासणी ४: तेल काढून गाळून बघा

इंजिन कोमट करून ड्रेन नट काढा आणि तेल पांढऱ्या सुती कापडातून गाळा. जुनी बनियन चालते. कापडावर राहील ते उन्हात नीट बघा आणि त्यावर लोहचुंबक फिरवा.

चुंबकाला चिकटणारा चुरा गिअर, कॅम, रॉकरचा. न चिकटणारी चंदेरी चमक अॅल्युमिनियमची, म्हणजे पिस्टन, हेड किंवा पंपाची बॉडी. पिवळसर सोनेरी कण बुशचे. काळा मऊ गाळ क्लच प्लेटचा, त्यातला थोडा नेहमीच असतो. काळे कडक रबराचे किंवा प्लास्टिकचे तुकडे टायमिंग चेनच्या गाइडचे किंवा रोलरचे. हे जाळीत अडकतात आणि पंपाचा घास अडवतात. आणि करड्या रंगाचे, शेवयांसारखे लवचिक तंतू दिसले तर कारण बहुधा सापडलं: मागच्या वेळी कोणीतरी पॅकिंगवर ट्यूब पिळून सिलिकॉन लावलंय. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत दाबलं जातं, तेलात मऊ होऊन सुटतं आणि सरळ जाळीवर जाऊन बसतं.

ड्रेन नटचा वॉशर बदला आणि नट साधारण २५ न्यूटन मीटरवर आवळा. लांब पाना घेऊन अंगाच्या जोराने आवळलं की अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि मग लेथवाल्याकडे फेरी ठरलेली.

तपासणी ५: जाळी आणि फिल्टर

काही गाड्यांची जाळी इंजिनाखालच्या मोठ्या नटमागे स्प्रिंगसह असते, ती पाच मिनिटांत निघते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती क्लच कव्हरच्या आत, तळाच्या खाचेत सरकवून बसवलेली असते, म्हणजे कव्हर काढावंच लागतं. काढण्याआधी फोटो घ्या. कोणती कड आत आणि कोणती बाजू पंपाकडे हे नंतर आठवत नाही, आणि उलटी बसली तर कडेने कचरा आत जातो. डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुवा, उजेडाकडे धरून बघा. फाटलेली जाळी झाळून वापरायची नाही.

कागदी फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. इथे नेहमीचा घोटाळा दोन प्रकारचा. एक, फिल्टर उलटा बसतो. बंद तोंड तेलाच्या वाटेवर आलं की पुढे काहीच जात नाही. बऱ्याच फिल्टरवर बाहेरच्या बाजूची खूण छापलेली असते. दोन, झाकणाची लहान ओ रिंग जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात जाते. बाहेर गळती दिसत नाही म्हणून कोणाला कळत नाही. आतल्या आत मात्र दाब तिथूनच निसटतो.

फिरतं सेंट्रीफ्यूगल फिल्टर असलेल्या गाड्यांत क्रँकच्या टोकाला एक डबी असते. तेलातली घाण फिरताना बाहेर फेकली जाऊन तिच्या भिंतीला चिकटते. वर्षानुवर्षं न उघडलेल्या डबीत जोड्याच्या पॉलिशसारखा काळा घट्ट थर असतो. तो खरवडताना मधल्या भोकात ढकलू नका, ते भोक थेट कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला जातं. झाकणाचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने हमखास गोल होतात. हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

तपासणी ६: क्लच कव्हरच्या आत

इथपासून पॅकिंगचा खर्च आणि अर्धा दिवस. ८ चा टी पाना लागतो. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात जागच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर क्रँककेस फुटते.

पंपाला हात लावण्याआधी कव्हरची आतली बाजू बघा. बऱ्याच इंजिनांत क्रँकला जाणारं तेल कव्हरमधल्या वाटेने जातं आणि क्रँकच्या टोकावर एक छोटं सील किंवा स्प्रिंगवर दाबलेली नळी ते अडवून धरते. सीलची ओठाची कड झिजली, सील उलटं बसलं किंवा स्प्रिंग हरवली तर पंप पूर्ण जोराने तेल देतोय आणि ते अर्ध्यावर सांडतंय अशी अवस्था. बेअरिंग पुन्हा पुन्हा जाणाऱ्या गाड्यांत हे सील आधी तपासा. किंमत चहा-नाश्त्याएवढी.

मग पॅकिंग. जुनं आणि नवं एकावर एक ठेवून भोकं जुळवा. दुसऱ्या मॉडेलचं "जवळपास तेच" पॅकिंग बाहेरून नीट बसतं, आतलं तेलाचं भोक मात्र झाकतं. डॉवेल पिन (कव्हर जागेवर बसवणाऱ्या छोट्या नळ्या) आणि त्याभोवतीच्या ओ रिंगा मोजा. जुनं पॅकिंग खरवडताना प्लास्टिकची पट्टी वापरा, ब्लेडने पडलेला ओरखडा पुढे गळतो.

आता सुई काढलेली २० मिलीची सिरिंज घ्या, मेडिकलमध्ये मिळते. ताजं तेल भरून पंपाकडून हेडकडे जाणाऱ्या भोकात टेकवा आणि दाबा, टॅपेटची टोपी उघडी ठेवून. दोन-तीन सिरिंजांनंतर वर तेल दिसलं तर वाट मोकळी, दोष पंपाचा किंवा त्याच्याआधीचा. सिरिंज घट्ट होऊन मागे ढकलायला लागली तर वाट तुंबली आहे. कार्ब क्लिनर आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. तार घालून टोचू नका; वाटेत मोजून पाडलेलं बारीक भोक असू शकतं आणि ते मोठं झालं तर तेलाची वाटणीच बदलते. हवेने सुटलं नाही तर सिलिंडरच्या पॅकिंगशी किंवा हेड गॅसकेटशी अडकलंय, म्हणजे हेड-सिलिंडर उतरवण्याचं काम.

तपासणी ७: खुद्द पंप

आधी तो फिरतोय का ते बघा. गिअर फिरतो पण दांडा फिरत नाही, असं होतं: मधली छोटी पिन तुटलेली किंवा मागच्या वेळी बसवायचीच राहिलेली असते. प्लास्टिकच्या गिअरला तडा गेला असेल तर हाताने फिरवताना ठीक वाटतं आणि भार आला की घसरतो. नखाने उचकून बघा.

पंप काढून वाटीभर तेलात बुडवा आणि दांडा कामाच्या दिशेने फिरवा. बाहेरच्या भोकातून तेल ढकललं गेलं पाहिजे. भोकावर अंगठा दाबून फिरवलं की हाताला अडवणूक जाणवली पाहिजे. अंगठ्याला काहीच जाणवत नसेल तर पंप उघडा.

रोटर पुसून नख फिरवा. नखाला अडकणारे गोल ओरखडे बॉडीत किंवा झाकणाच्या आतल्या तोंडावर असतील तर मापं घ्यायची गरज नाही, पंप बदला. नाही तर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन मापं घ्या. आतल्या-बाहेरच्या रोटरच्या टोकांमधली फट साधारण ०.१५ मिमी असते, ०.२० च्या वर गेली की पंप संपला. बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात मर्यादा मॉडेलप्रमाणे ०.२५ ते ०.३५ मिमी. तिसरं माप बॉडीवर सरळ पट्टी आडवी ठेवून रोटरच्या वरची फट: ०.१२ ते ०.१५ च्या पुढे चालत नाही. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा यापेक्षा वेगळा असेल तर तोच धरा. हे तिसरं माप बहुतेक जण सोडतात, आणि तेल मागे गळतं ते मुख्यतः तिथूनच. फीलर गेज घरात नसेल तर नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या कारखान्यांच्या भागातल्या टूलरूममध्ये काम करणारा एखादा शेजारी गाठा, माप घ्यायलाही त्याचाच हात चांगला.

घासून, पॉलिश करून, झाकणामागे कागद घालून पंप दुरुस्त होत नाही. पूर्ण पंप नवा घ्या, कंपनीचा घ्या. दाब सोडणारा व्हॉल्व्ह वेगळा असेल, तर त्याचा पिस्टन बोटाने दाबून सोडून बघा. कचऱ्याने उघडा अडकला असेल तर नव्या पंपालाही दाब धरू देणार नाही.

बसवताना कोरडा पंप कधी बसवू नका. रोटरच्या खुणा जुळवा, आत तेल भरा, दांडा फिरवून हवा काढा, पुन्हा भरा. इंजिनाचं काम झाल्यावर पहिल्याच दिवशी कॅम जाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: कोरडा पंप हवाच घुसळत राहतो, तेल ओढत नाही. ग्रीस भरून बसवायचा जुना प्रकारही टाळा, गोळा वाटेत अडकतो. कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने १० ते १२ न्यूटन मीटर. पॅकिंग कागदी असेल तर कोरडंच किंवा तेलाचं बोट लावून बसवा, सिलिकॉन नको.

कुठे थांबायचं

वॉरंटीतली गाडी स्वतः खोलू नका, तपासणी ३ सुद्धा सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या. तेलाच्या दाबाचा दिवा असलेल्या गाडीत खरा दाब गेज आणि अडॅप्टर लावूनच कळतो, ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. क्लच सेंटरचा खाचांचा नट काढायला त्याचा खास सॉकेट लागतो. छिन्नी-हातोडीने तो निघतो, पण त्याच्याबरोबर दांड्याचे आटेही जातात.

पिस्टन एकदा पकडलेला असेल, कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली हलत असेल, किंवा कॅम थेट हेडच्या अॅल्युमिनियममध्ये फिरत असून त्या जागेवर ओरखडे असतील, तर घरचं काम संपलं. तिथे बोअरिंग, क्रँक दाबणं, हेड बदलणं येतं, आणि ते मापं घेऊन काम करणाऱ्याकडेच द्यावं. देताना एक गोष्ट ठासून सांगा: नवे भाग बसवण्याआधी तेलाच्या सगळ्या वाटा हवेने साफ करा आणि हेडला तेल येताना मला दाखवा. जुना चुरा वाटेत राहिला तर नवा पंप तोच चुरा नव्या कॅमवर नेऊन टाकतो.

काम झाल्यावर

तेल भरा, टॅपेटची टोपी उघडी ठेवून तपासणी ३ पुन्हा करा. तेल दिसलं की टोपी लावा, दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, बंद करून पातळी पुन्हा बघा. फिल्टर आणि वाटा भरल्यामुळे ती थोडी उतरलेली असते, तेवढी भरा. पहिले ५०० किलोमीटर ओझं आणि घाट टाळा, मग तेल काढून पुन्हा पांढऱ्या कापडातून गाळा. धूसर चमक असेल तर ती आधीचीच उरलेली, आणखी एकदा ५०० किलोमीटरवर तेल बदला. बोटाला टोचतील असे कण आले तर गाडी तिथेच उभी करा. आता क्रँकचं बेअरिंग बघायचं आहे.